जेरिकोचे छोटे कर्णे

१२ नोव्हेंबर १९७८, रविवार

"बोलणारा नवरा कुठल्याही बाजारात मिळतो गं, आयसी. तू ऐकणारा बघ."

आजी हे म्हणाली तेव्हा मी अजून जमैकात होते, लग्नाआधीची. आम्ही डोंगरातल्या घराच्या ओट्यावर आलं सोलत बसलो होतो आणि बोटांची नुसती आग होत होती. आज चर्चमध्ये पास्टर भलतंच काही सांगत होते आणि मला एकदम तो आल्याचा वास आला. घरी येईपर्यंत हातमोज्यांनाही येत होता.

मी आजीचं ऐकलं होतं. एव्हराल्ड मला पहिल्यांदा दिसला तो समुद्र ओलांडून इथे आल्यावर, हँड्सवर्थमध्ये, कुणाच्या तरी खोलीत बंद पडलेल्या रेडिओच्या पाठीला कान लावून बसलेला. डोळे मिटलेले. म्हणाला, "हिला ताप आलाय." रेडिओला 'हिला' म्हणणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. पुढे एकाच खोलीत संसार होता तेव्हा मी कारखान्यातून येऊन दिवसभराचं सगळं ओतायचे आणि तो विचारायचा, "मग? मग ती काय म्हणाली?"

आता विचारत नाही. आता तळघरात असतो, जेरिकोजवळ. कपाटाएवढी स्पीकरची खोकी, अॅम्प्लिफायर, तबकड्यांच्या पेट्या, असा आमचा साउंड, शनिवारी रात्री नाचासाठी सभागृहात नेऊन लावायचा. शहरातली पोरं 'जेरिको' हे नाव बायबलमधलं असावं तसं घेतात, आणि ते आहेही, कर्ण्यांच्या आवाजाने ज्याच्या भिंती कोसळल्या त्या शहराचं. खाली त्याने खर्ज लावला की वर माझे कप फळीवर हळूहळू चालायला लागतात. सकाळी मी त्यांना पुन्हा भिंतीकडे सरकवते.

गुरुवारी माझा पुढचा दात काढला. नवा बसवायला नाताळ उलटेल. तोंडात काळी खिडकी उघडल्यासारखी दिसते, म्हणून बोलताना हात आपसूक ओठांवर जातो. एव्हराल्ड ते बघून आठ्या घालतो. बघवत नसणार.

१५ नोव्हेंबर

कारखान्यात ब्रीजी माझ्यासमोरच्या यंत्रावर असते. आम्ही पट्ट्यांची बक्कलं ठोकतो. दणका असा की आवाज काढून काही उपयोग नसतो. आम्ही बायका ओठांनीच बोलतो आणि ओठच वाचतो. वर्षानुवर्षं तसंच. ब्रीजीचं आयर्लंडमधलं सगळं खानदान मला तिच्या ओठांवरून पाठ आहे.

आज ती वैतागली. "हात खाली घे गं बाई! काय बोलतेस ते दिसत नाही मला."

जेवणाच्या सुट्टीत मी तिला घरचं सांगितलं. हाक मारली तरी ओ देत नाही, मध्येच उठून जातो, भलत्याच प्रश्नाला 'हो' म्हणतो.

"दुसरी बाई," ब्रीजी म्हणाली आणि सँडविच चावलं. "नवरा ऐकेनासा झाला की समजावं, कान दुसऱ्या घरी ठेवून आलाय."

"एव्हराल्ड? त्याला बाई सापडली तर तो तिलाही खोक्यात बसवून खिळे मारेल."

हसलो खूप. पण बसमध्ये काचेला डोकं टेकलं तेव्हा हसू उतरलं होतं. दिवे धुक्यात पाण्याखालून दिसावेत तसे दिसत होते आणि मला वाटलं, आपण कधीपासून अशा पाण्याखाली राहतोय.

२६ नोव्हेंबर

विन्सम आली. माझ्या बहिणीची थोरली. नव्या पंथात गेलीय, डोक्याला कापड गुंडाळते, मटण-मासे सोडलेत, आणि माझ्या चर्चबद्दल तिचं जे मत आहे ते ती दर वेळी अर्ध्यावर थांबवते, कारण माझा भात तिला आवडतो.

आज मात्र जेवली नाही. तिच्या भावाला, ग्लेनरॉयला, गेल्या महिन्यात सोहो रोडच्या बसथांब्यावरून पोलिसांनी उचललं होतं. संशय. बस, तेवढंच. कसला, ते विचारायचं नसतं. आता खटला उभा राहणार. त्यावर विन्समने गाणं केलंय आणि लंडनला जाऊन ते एका मऊ तबकडीवर कोरून आणलंय. एकच प्रत. अशी तबकडी प्रत्येक वाजवण्यासरशी झिजते. शेवटी नुसती खरखर उरते.

"दुसऱ्या कुणाला देणार नाही मी, अंकल," ती एव्हराल्डला म्हणाली. "तुमचे कान म्हणजे कान."

"आधी तोंडाने म्हण," तो म्हणाला.

ती चुलीपाशी उभी राहून गायली. 'बसची वाट बघत होता भाऊ माझा, हाती आईसाठी पाव. त्या हातात तुम्हाला काय दिसलं, सांगा त्याचं नाव.' एव्हराल्ड तिच्या तोंडावरून नजर हलवत नव्हता. तळहात टेबलावर पालथा. गाणं संपलं तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"पुन्हा," तो म्हणाला. ती पुन्हा गायली. मी भांडी घासत पाठमोरी उभी होते. माझ्याकडे असं एकटक त्याने कधी बघितलं होतं, ते आठवत राहिले.

१० डिसेंबर

काल संध्याकाळी चर्चच्या मागच्या सभागृहात जेरिको लागला. पास्टर लग्नाला डर्बीला गेलेत, त्यांना कळेपर्यंत पुढचा रविवार उजाडेल.

मी सहसा जात नाही. पूर्वी जायचे. तेव्हा गाणी प्रेमाची असायची आणि माणसं जोडीने नाचायची. एव्हराल्ड टायनीच्या हवाली सगळं करून माझ्यासाठी एका गाण्यापुरता बाहेर यायचा. (टायनी म्हणजे आमचा खोकी उचलणारा. दारात उभा राहिला तर दार दिसत नाही, म्हणून त्याचं नाव इवलुसा.) आता पोरं लष्करी कोट घालून येतात. ड्रमही तसाच, पलटण चालल्यासारखा एकसारखा. कुणी कुणाला धरत नाही. डोळे मिटून जागच्या जागी चालत राहतात, एका मोठ्या झोपेतून सगळे मिळून कुठेतरी निघाल्यासारखे.

मग त्याने विन्समची तबकडी लावली.

पहिल्यांदा काहीच नाही. मग पायाखालची जमीन श्वास घ्यायला लागली. खर्ज पोटरीतून वर चढला, बरगड्यांत शिरला. माझ्या कोटाची बटणं थरथरत होती. समुद्र रात्री दुरून ऐकू येतो ना, तसं, फक्त आपण समुद्रात. फार सुंदर होतं. मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. मग लक्षात आलं की शब्द नाहीत. विन्समचा आवाज कुठे तरी भिंतीपलीकडे असल्यासारखा, नुसती कुजबूज. भाऊ नाही, पाव नाही, बसथांबा नाही.

पोरं मात्र वेडी झाली. भिंती बडवायला लागली. "पुन्हा! पुन्हा लाव!"

विन्सम गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेली. "अंकल, माझे शब्द कुठे गेले?"

एव्हराल्डने तिच्याकडे बघितलं. "म्हणजे काय? होते की. शब्द न् शब्द होता."

"कुणालाही ऐकू आला नाही!"

"मला आला," तो म्हणाला. खरंच बोलत होता. त्याचा चेहरा मला कळतो.

टायनीने तिला बाजूला घेतलं. "पोरी, तू गाणारी आहेस. ऐकणारा तो आहे. त्याने शब्द उडवले असतील तर त्यामागे काहीतरी असेल."

२७ डिसेंबर

काहीतरी आहे म्हणे. सगळीकडे चर्चा. जेरिकोने गाण्यातलं वरचं सगळं काढून टाकलंय, नुसता पाया ठेवलाय, हीच आता नवी रीत. वुल्व्हरहॅम्प्टनहून पोरं ऐकायला येतात. टायनी छाती काढून सांगतो, "बाकीचे साउंड बोलतात. आमचा गाडतो." फेब्रुवारीत कोव्हेंट्रीच्या साउंडबरोबर सामना ठरलाय, खटल्याच्या आधीच्या शनिवारी. आळीपाळीने वाजवायचं, कोण भारी ते गर्दी ठरवणार. सगळे येणार.

लोक स्तुती करतात तेव्हा एव्हराल्ड नुसती मान हलवतो.

नाताळ बरा गेला. अंबाडीच्या बोंडांचं लाल सरबत केलं होतं, आलं जरा जास्त पडलं. फक्त किटली जळाली. मी वर कपडे काढत होते आणि शिट्टी वाजतेय, वाजतेय, मग थांबली आणि जळका वास आला. धावत खाली आले तर एव्हराल्ड तिच्याशेजारी खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेला आणि किटलीचं बूड लाल.

"बहिरा आहेस का रे?" मी ओरडले.

तो दचकला. माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्याच्या खिशात हात घातला. मग किटली नळाखाली धरली आणि वाफेत त्याचा चेहरा नाहीसा झाला.

एवढं काय लागलं त्याला? रोज लोक एकमेकांना म्हणतात.

९ जानेवारी १९७९

बर्फ. बस नाहीत, कचरा उचलला जात नाही, अर्धं शहर संपावर. सगळं पांढरं आणि गप्प. मला बरं वाटलं, निदान बाहेर आणि घरात सारखंच.

संध्याकाळी मी त्याला विचारलं. हिंमत करून, हात तोंडावर धरून विचारलं, "आपल्यात कुणी आलंय का?"

तो म्हणाला, "हात काढ."

"मी काय विचारते—"

"तो हात काढ आधी तोंडावरचा!" टेबलावर मूठ आपटली. इतक्या वर्षांत त्याने कधी टेबलावर मूठ आपटली नव्हती.

मी हात काढला नाही. दुसराही हात वर धरला आणि रडले. म्हणे हात काढ. काळी खिडकी बघायचीय त्याला, मग दुसरीकडे जायला मोकळा.

२१ जानेवारी, रविवार

शुक्रवारी दात बसला! आरशात बघून एकटीच हसले. आणि त्याच दिवशी ताप आला, घसा बसला. आवाज म्हणून नाही. चर्चला गेले नाही.

दुपारी स्वयंपाकघरात एव्हराल्ड खिडकीपाशी बसला होता. मी कारखान्यातल्यासारखी नुसत्या ओठांनी म्हटलं, चहा घेणार?

"घेईन की," तो म्हणाला. "साखर कमी."

इतकं साधं. मी तशीच उभी राहिले. मग विचारलं, विन्सम अजून रागावलीय का? तो म्हणाला, रागावलीय, आणि तिचं चुकतही नाही. मी म्हटलं, ब्रीजीच्या भावाने तिसरं लग्न केलं. त्यावर तो इतका हसला की बशी सांडली. "मग? मग ब्रीजी काय म्हणाली?"

मग, ब्रीजी काय म्हणाली! मी सगळं सांगितलं. अंधारून येईपर्यंत आम्ही बोललो. माझा आवाज नव्हता तरी तो एकदाही "काय?" म्हणाला नाही. सारखा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, पूर्वीसारखा. रेडिओकडे बघायचा तसा.

एका दाताने एवढं होतं? मी किती वेडी. नवऱ्याला बायको जरा नीटनेटकी हवी असते, एवढंच होतं तर.

२३ जानेवारी

आजही. भाज्या चिरताना, खुर्च्या समोरासमोर घेऊन. रात्री स्वप्नात आलं की आम्ही दोघं आजीच्या ओट्यावर आहोत आणि धुकं इतकं दाट की फक्त त्याचे डोळे दिसतायत. घसा बसलेलाच बरा. परत येऊच नये आवाज.

२५ जानेवारी

आवाज परत आला.

जेवण झाल्यावर आम्ही बोलत होतो. म्हणजे मी बोलत होते, आजीच्या अंत्यविधीचं, ज्याला मी जाऊ शकले नाही त्याचं. मध्येच विजेच्या मीटरमधलं नाणं संपलं आणि दिवा गेला. मी थांबले नाही. अंधारात बोलायला उलट सोपं जातं. मी म्हणत होते की मला अजून वाटतं ती त्या ओट्यावरच बसलीय. घसा साफ होता, आवाज नीट होता.

आणि माझ्या वाक्याच्या मध्येच तो म्हणाला, "आयसी?"

मी म्हटलं, "काय?"

"आयसी. आहेस ना? बोल ना गं काहीतरी."

मी म्हटलं, "बोलतेय मी, एव्ह." म्हटलं, "इथेच आहे." मोठ्याने म्हटलं.

"आयसी?" त्याचा हात टेबलावरून माझा हात शोधत आला, कप पाडत.

मी हात दिला. मग उठून मीटरमध्ये नाणं टाकलं. उजेड आला तेव्हा तो हसून म्हणाला, "मला वाटलं झोपलीस."

३० जानेवारी

काही लिहवत नाही. किटली. टेबलावरची मूठ. विन्समच्या तोंडावर खिळलेली नजर. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून विचारत होते, तुझे कान कुठे आहेत?

३ फेब्रुवारी

आज तो लाकूड आणायला गेला तेव्हा मी तळघरात उतरले. जेरिकोला मी कधी हात लावत नाही, पण खोक्यांच्या तोंडाचं कापड मीच शिवलंय. लाल, पिवळं, हिरवं. अॅम्प्लिफायर चालू केला, त्याने वर काढून ठेवलेली कुठलीशी तबकडी लावली. मोठे स्पीकर घुमले. मग मी वरच्या छोट्या कर्ण्यांपाशी गेले, ज्यांतून माणसाचा आवाज बाहेर येतो. गाल लावला. काही नाही. एक, दुसरा, तिसरा. मेलेले सगळे. वरच्या आवाजाचं बटण मात्र टोकापर्यंत फिरवलेलं.

मी रेडिओवाल्याची बायको आहे, एवढं मला कळतं. त्याला वरचं ऐकू येईना म्हणून त्याने वाढवलं, आणखी वाढवलं, इतकं की कर्णे जळून गेले. आणि ते जळाले हेही त्याला ऐकू आलं नाही. विन्समचे शब्द त्याला आठवत होते, तेच तो ऐकत होता. आणि जेरिकोच्या एकाही माणसाने विचारलं नाही. कारण एव्हराल्डचे कान म्हणजे कान. चूक झाली तर ती आमच्या कानांची.

विन्सम संध्याकाळी आली. एव्हराल्ड परतला नव्हता.

"आँटी, येत्या शनिवारी शेवटचं वाजवायचं. तबकडी झिजत चाललीय. सोमवारी ग्लेनरॉय कोर्टात उभा राहणार. सगळे ऐकायला येतील तेव्हा त्यांना माझ्या भावाचं ऐकू आलं नाही तर मी ती कोव्हेंट्रीवाल्यांना देईन. त्यांच्या साउंडवर निदान माणसं बोलतात."

"देऊ नकोस," मी म्हटलं.

"मग त्यांना सांगा."

"सांगेन."

"तुमचं ऐकतात का ते?"

मला हसू आलं आणि ते थांबेना. तिला वाटलं मी तिची चेष्टा करतेय.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

टायनीकडून नवे कर्णे बसवून घेतले. त्याला सांगितलं, झाकण्याचं कापड बदलायला काढलं तेव्हा मोडले, माझा वेंधळेपणा. "आँटी, तुम्ही जेरिकोच्या जवळ जाऊच नका," तो म्हणाला. बरं म्हटलं. एव्हराल्डला काही सांगितलं नाही.

पण कर्णे पुरणार नाहीत. उद्या तो बटण फिरवेल, वाढवेल, गर्दीत ते पुन्हा जळतील. त्याच्याजवळ कुणीतरी हवं. आवाज केवढा आहे, कुठे चिरतोय, शब्द सुटे पडतायत की बुडतायत, ते त्याला त्या दणक्यात सांगणारं. दणक्यात बोलणं मला येतं. तेवढंच येतं मला.

साउंडच्या मागे बायका उभ्या राहत नाहीत. चहा घेऊन गेलं तरी तो कप साउंडभोवती बांधलेल्या दोरीच्या अलीकडे ठेवायचा असतो. इतक्या वर्षांत मी ती दोरी ओलांडली नाही. आणि उद्या कोव्हेंट्रीच्या सगळ्या माणसांसमोर, ज्याच्या कानाची शहरात शपथ घेतात त्याच्या शेजारी त्याची बायको उभी राहिली, तर लोक काय समजायचं ते समजतील. त्याने हे माझ्यापासून लपवलं, मग त्यांना का कळू देईल? तो नाही म्हणणार. मला माहीत आहे. मान फिरवेल, आणि मान फिरवली की माझं बोलणंही संपलं.

मघाशी आरशासमोर बसून सराव केला. दिवा जवळ घेऊन, हात मांडीवर. नव्या दातामुळे काही अक्षरं अजून नीट दिसत नाहीत, ती सावकाश म्हणायला हवीत. कप फळीवर चालतायत. तो खाली विन्समचं गाणं न लावता नुसत्या खर्जावर यंत्र तापवतोय.

सकाळी खिडकीपाशी उजेड चांगला असतो. त्याला तिथे बसवेन. दुसरी बाई, दात, किटली, कशाचंच बोलणार नाही. फक्त एवढंच विचारेन, आवाज न काढता:

एव्ह, आज मला दोरीच्या आत येऊ दे. तुझ्या शेजारी उभी राहू दे. तू लोकांकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ.